मांजराच्या जिभेएवढं खरखरीत

३ फेब्रुवारी २००४, मंगळवार

आजपासून रोजनिशी. ही तांत्रिक रोजनिशी आहे. शॉपमधलं काम, मोजमाप, सुधारणा, एवढंच. वैयक्तिक काही लिहायचं नाही.

अण्णा जाऊन तीन आठवडे होत आले. त्याच्या मागचा विधी, शिवगणाराधना, व्यवस्थित पार पडला. माझी तब्येत ठीक. झोप उत्तम.

शॉप आज पुन्हा उघडलं. शिरोली एमआयडीसी, बाळाप्पा ब्लास्टिंग अँड कोटिंग. बोर्डावर अण्णाचं नाव आहे, ते तसंच ठेवणार. बोर्ड बदलायला उगाच खर्च येतो.

माणसं दोन. गैबी ब्लास्टिंगची गन धरतो, जोतीराम रंग मारतो. मी धाकटा भाऊ, डिप्लोमा मेकॅनिकल, आजवर आतल्या टेबलावर. बोलणं अण्णाचं, कागद माझे, अशी वाटणी होती. आता दोन्ही माझ्याकडे. जमेल. कमी बोलणाऱ्या माणसाचं लोक जास्त ऐकतात.

गैबी मला अजून ‘धाकलं मालक’ म्हणतो. ते बंद करायला सांगणार होतो. उद्या सांगेन.

टपरीवरून दोन चहा आले. सवयीनं सांगितले गेले. दोन्ही प्यायलो. वाया जाऊ नयेत म्हणून.

५ फेब्रुवारी, गुरुवार

गोकुळ शिरगावहून आकाराम शेठ आले. ते पाण्याच्या फिल्टरच्या मोठ्या टाक्या बनवतात. अण्णानं घेतलेल्या चार टाक्या आपल्या आवारात उभ्या आहेत. आतून ब्लास्टिंग करायचं, मग इपॉक्सी रंग. शेठ म्हणाले, बाळाप्पा हुता तवर डोळं मिटून काम देत हुतो, आता डोळं उघडं ठिवून देतो. मार्चच्या मध्याला पुण्याहून इन्स्पेक्टर येईल. पास झालात तर वर्षाचं काम तुमचंच. न्हाय झालात तर सांगलीत एकजण टपूनच बसलाय.

माझ्याकडे याला पूर्ण उत्तर तयार होतं. मुद्देसूद. मी ‘बरं’ म्हणालो. परिणाम झाला असावा.

घरी आल्यावर वहिनींनीही तोच विषय काढला. शेड अण्णाच्या नावावर होती, आता वहिनींची. इचलकरंजीचा एक पावडर कोटिंगवाला ती भाड्यानं मागतोय. वहिनी म्हणाल्या, भावजी, मी पाडव्यापर्यंत थांबते. टाक्या पास झाल्या तर शॉप चालवा, मी अक्षर बोलणार न्हाई. न्हाई झाल्या तर शेड त्याला देणार. पोरीचं कॉलेज हाय, मला भाड्याचा भरोसा पायजे.

मी ‘बरं’ म्हणालो.

मग त्यांनी विचारलं, चांगलं गुळगुळीत लोखंड खरखरीत कशाला करता हो? एवढी वर्षं ह्यांना विचारायचं राहूनच गेलं. मी समजावलं. भिंतीला गिलावा करण्याआधी छिन्नीनं टाचे मारतात, तसंच हे. हवेच्या दाबानं पत्र्यावर ग्रिट, म्हणजे लोखंडाचे टोकदार दाणे, मारायचं. गंज जातो आणि पत्र्यावर डोळ्याला न दिसणारे डोंगर-दऱ्या तयार होतात. त्या दऱ्यांत रंग पाय रोवतो. गुळगुळीत पत्र्यावरून रंग सालीसारखा निघतो. वहिनी म्हणाल्या, म्हणजे जेवढं खरखरीत तेवढं पक्कं?

मी म्हणालो, तसंच काहीसं.

६ फेब्रुवारी, शुक्रवार

महत्त्वाची तांत्रिक नोंद. अण्णानं शेवटच्या दिवशी सकाळी या टाक्यांसाठी एक टेस्ट प्लेट ब्लास्ट केली होती. वहीएवढा पत्रा. कोपऱ्यावर रुंद मास्किंग टेप लावून त्यावर ‘टाकी’ असं पेननं लिहिलं, प्लेट माझ्या टेबलावर ठेवली, हात धुतले आणि चहाला बसला. त्यानंतरचं इथं लिहायची गरज नाही.

ही प्लेट म्हणजे आपलं स्टँडर्ड. चारही टाक्या हुबेहूब या प्लेटसारख्या करायच्या. अण्णा दऱ्यांची खोली मोजायचा गेज कधी वापरत नसे. अंगठा फिरवायचा आणि म्हणायचा, मांजराच्या जिभेएवढं खरखरीत पायजे, त्याच्या वर न्हाय, खाली न्हाय. स्पेसिफिकेशन पन्नास ते पंचाहत्तर मायक्रॉन, मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. अण्णाचा अंगठा कधी चुकला नाही. एकाच रक्ताचा अंगठा माझ्याकडेही आहे.

शॉपमध्ये धूळ फार म्हणून प्लेट घरी आणली. कपाटात, टॉवेलमध्ये. रोज एकदा अंगठा फिरवायचा, म्हणजे हाताला माप लक्षात राहील. ही प्रॅक्टिस आहे.

८ फेब्रुवारी, रविवार

कपाटात ओल जाणवली. प्लेट देवघरात हलवली. घरात तीच जागा सगळ्यात कोरडी.

सकाळी आंघोळ करून लिंगपूजा झाली, कपाळावर विभूती लावली. बोटांना ओली विभूती राहिली होती, ती प्लेटवर तीन बोटांनी ओढली. राख घाम शोषते, हे शास्त्रीय आहे.

वहिनी म्हणाल्या, भावजी, लोखंड देवघरात कशाला? असल्या पत्र्यावर तुमचे अण्णा चपला घालून बसायचे म्हणे. मी म्हणालो, ही पूजा नाही, मेंटेनन्स आहे. त्या स्वयंपाकघरात निघून गेल्या. पटलं असावं.

१० फेब्रुवारी, मंगळवार

पहिली टाकी ब्लास्ट झाली. अण्णानं आणून ठेवलेलंच ग्रिट वापरलं. कपाटातून गेज काढून लावला. सरासरी ६३ मायक्रॉन. स्पेसिफिकेशनमध्ये.

पण आत उतरून अंगठा फिरवला आणि मन खट्टू झालं. अण्णाची प्लेट यापेक्षा खरखरीत आहे. आज सकाळीच हात फिरवला होता, बोटाला व्यवस्थित ओरखडा लागला. टाकी त्यामानानं मऊ. अण्णाचं काम असं मऊ नसायचं.

गैबीला सांगितलं, परत करायची. तो म्हणाला, धाकलं मालक, काटा बरोबर दाखवतोय की. मी म्हणालो, काट्याला काय कळतं.

‘धाकलं मालक’चा विषय आज काढणं बरं दिसलं नसतं.

१३ फेब्रुवारी, शुक्रवार

गेज बिघडला आहे. प्लेटवर लावून बघितला तर ७८ दाखवतो. म्हणजे अण्णाची प्लेट फेल! हे शक्य नाही. गेज कॅलिब्रेशनला पुण्याला पाठवला. तोवर अंगठा.

प्लेटवर विभूतीच्या रेघांखाली जरा तांबूस दिसतंय. कुंकू सांडलं असेल. आमच्याकडे देवघरात कुंकू ठेवत नाहीत, पण शेजारीण येऊन गेली होती.

१६ फेब्रुवारी, सोमवार

नवीन ग्रिट आलं, जाड दाण्याचं. गैबीनं घमेल्यात हात घातला आणि म्हणाला, हे ग्रिट हाय का खडी? रस्त्यावर पसरून डांबर मारलं तर पुलापर्यंत रोड हुईल की. जोतीराम हसला. मी दोघांकडे नुसतं बघितलं. अण्णा असता तर उलटी कोटी केली असती. मी नजरेनं काम भागवतो. दोघं आणखी हसले, पण वेगळ्या कारणानं असावं.

पहिली टाकी पुन्हा ब्लास्ट. अंगठा फिरवला, प्लेटच्या जवळ आलं. अजून थोडं कमी आहे.

१८ फेब्रुवारी, बुधवार, महाशिवरात्र

उपवास. देवघरात अभिषेक झाला. पाणी, दूध, दही, मध. शेवटी तांब्यात थोडं उरलं. प्लेट शेजारीच होती.

जाणूनबुजून काही केलेलं नाही. तांब्या कलंडला.

शॉप बंद होतं. तरी संध्याकाळी जाऊन कुलूप बघून आलो. अण्णाचं ब्लास्टिंगचं हेल्मेट खिळ्याला आहे. गैबीला सांगून ठेवलंय की ते हलवायचं नाही. सेफ्टीचा प्रश्न आहे.

१९ फेब्रुवारी, गुरुवार

प्लेट पूर्ण तांबडी. टेपची पट्टी तेवढी शाबूत. सकाळी ते बघून छातीत जरा धडधडलं. उपवासाचा परिणाम.

उपाय केला. तांब्याची भांडी चिंच आणि मीठ लावून लख्ख होतात, लोखंडानं काय पाप केलंय? चिंच-मीठ चोळलं, मग तारेच्या घासणीनं घासलं. टेपच्या कोपऱ्याला मात्र धक्का लागू दिला नाही. त्यावर त्याचं अक्षर आहे, म्हणजे जॉबचं नाव आहे. ट्रेसेबिलिटीसाठी ते लागतं.

प्लेट पुन्हा स्वच्छ. हात फिरवला. दाणा आता फार स्पष्ट लागतो. मधल्या काळात धूळ बसून झाकला गेला होता, आता अण्णाचा खरा हात उघडा पडला. आपण किती कमी समजत होतो त्याला.

निष्कर्ष: टाकी अजून जाड पाहिजे.

२१ फेब्रुवारी, शनिवार

शंका नको म्हणून मुळाशी गेलो. अण्णाचं माप मांजराच्या जिभेचं. शॉपमागे कँटीनवाल्या चिमणाबाईंचं मांजर आहे. अंगठ्याला साय लावून पुढे केला. एका अंगठ्याला मांजर, दुसऱ्या अंगठ्याखाली प्लेट, अशी तुलना चालली होती. मांजर फारच मऊ निघालं.

चिमणाबाई दारात उभ्या होत्या हे मला माहीत नव्हतं. त्या म्हणाल्या, अवं मालक, त्येला भूक लागलीया, परीक्षा कसली घेताय? मी तुलना चालू ठेवली. त्या म्हणाल्या, बाळाप्पाण्णा त्येला रोज दूध घालायचं. आता तुमी घाला की. साय चाटून संपली तेव्हा मांजर चावलं.

विचारांती: अण्णाच्या डोक्यात दुसरं, म्हातारं मांजर असावं. इंजेक्शन घेतलं. मांजराला दूध सुरू केलं, चालूच प्रथा मोडू नये म्हणून.

२६ फेब्रुवारी, गुरुवार

पहिल्या टाकीला रंग सुरू. जोतीराम म्हणाला, मालक, टाकी रंग पितीया. एक हात मारला की गडप, दुसरा मारला की गडप. आत काय विहीर खांदलीया काय? मी म्हणालो, पिऊ दे, म्हणजे मुळं खोल जातील. तो म्हणाला, मुळं खोल गेली, पर शेंडं वर उघडं पडलं की. दऱ्या भरल्या, डोंगर तसंच दिसत्यात.

जोतीरामला दृष्टिकोन नाही. आणखी एक हात मारायला सांगितला.

प्लेट आठवड्यातून तीनदा चिंच-मिठानं घासतो. नंतर विभूती. झोप उत्तम. पहाटे चारलाच पूर्ण होते.

२ मार्च, मंगळवार

पुण्याहून गेज परत. बरोबर सर्टिफिकेट: गेज अचूक आहे. प्लेटवर लावला. ११८.

पुण्याची माणसं पूर्वीसारखी काळजी घेत नाहीत.

५ मार्च, शुक्रवार

दुसरी टाकी जाड ग्रिटनं ब्लास्ट. गैबी गन ठेवून बाहेर आला, हेल्मेट काढलं आणि खांदा चोळत म्हणाला, अण्णांनी असलं कधी मारलं न्हाय. मी म्हणालो, अण्णाची प्लेट माझ्याकडे आहे. तो म्हणाला, आणा की एकदा, बघू. मी म्हणालो, ती मोजमापाची वस्तू आहे, बाहेर काढत नाहीत. गैबीनं बाहीवरची धूळ झटकली. मग म्हणाला, अण्णा सपनात येत्यात मला. मला म्हणत्यात, गैब्या, नोझल खाली घे.

मी विचारलं, माझ्याबद्दल काही म्हणतो का? हा प्रश्न कामाच्या संदर्भात होता. गैबी म्हणाला, न्हाय मालक, तुमच्याबद्दल काय न्हाय.

आज तो ‘मालक’ म्हणाला. धाकलं नाही. मला वाटलं होतं बरं वाटेल.

८ मार्च, सोमवार

पहिल्या टाकीत रंगावर बारीक तांबडे ठिपके. टाचणीच्या टोकाएवढे. गोवर उठावा तसे.

शेजारच्या फाउंड्रीची धूळ. दुसरं काहीही नाही. फाउंड्रीला कडक शब्दांत पत्र लिहिलं, दोन पानं. पाठवलं नाही, कारण शेजारधर्म. ओल्या फडक्यानं ठिपके पुसले. निघाले नाहीत. चिवट धूळ आहे.

१० मार्च, बुधवार

इचलकरंजीचा पावडर कोटिंगवाला शेड बघायला आला. उजैर त्याचं नाव. वयानं माझ्यापेक्षा लहान, बोलायला अण्णासारखा मोकळा. मोजायची टेप काढून भिंतीपासून भिंतीपर्यंत मापं घेत फिरला. माझ्या टेबलाच्या जागी उभा राहून म्हणाला, इथं ओव्हन बसंल. मग माझ्याकडे बघून ओशाळला, म्हणाला, म्हंजे बसला तर हं, पावणं.

माझ्याच शॉपमध्ये मी पावणा. मी त्याला चहा दिला. दोन आलेच होते.

१२ मार्च, शुक्रवार

इन्स्पेक्टर मंगळवारी येणार असा फोन. कुणी मुबशिरा मुल्लाणी मॅडम आहेत. काम पास होणारच आहे. तरीसुद्धा भाषण तयार केलं. विषय: आकडा मोठा की अनुभव मोठा. आरशासमोर दोनदा म्हटलं. आवाज चांगला लागतो. वहिनींनी दार वाजवून विचारलं, भावजी, आत कोण आहे?

अंगठ्याचं कातडं सोललं आहे. प्लेट आता किसणीसारखी लागते. खोबरं किसता येईल. पट्टी बांधून सराव चालू ठेवला.

१५ मार्च, सोमवार

उद्या.

पहिल्या टाकीतले ठिपके वाढले आहेत. फाउंड्री गेले तीन दिवस बंद आहे. संप चालू आहे तिथं. धूळ जुनी असावी.

प्लेट टॉवेलमध्ये बांधून पिशवीत ठेवली. उद्या गरज पडली तर पुरावा म्हणून दाखवायची. वहिनी म्हणाल्या, मी पण येते, शेडचं काय ते डोळ्यांनी बघते. त्या शॉपवर कधीच आल्या नव्हत्या. मी ‘बरं’ म्हणालो.

झोप येत नाही असं नाही. उन्हाळा सुरू झालाय.

१६ मार्च, मंगळवार

घडलं ते क्रमानं लिहितो.

मॅडम दहा वाजता आल्या. तिशीतल्या, पायात सेफ्टी बूट, बरोबर स्वतःचा गेज. मूळच्या मिरजेच्या. आकाराम शेठ आले. वहिनी खुर्चीवर. गैबी आणि जोतीराम दाराशी.

मॅडम पहिल्या टाकीत बॅटरी घेऊन उतरल्या आणि लगेच बाहेर आल्या. म्हणाल्या, हा गंज आहे. डोंगर रंगाच्या वर आलेत, म्हणून प्रत्येक टोकाला गंज धरलाय. मी फाउंड्रीचं सांगितलं. त्यांनी नखानं एक ठिपका उकरला. खालून लोखंड दिसलं.

दुसऱ्या टाकीत गेज लावला. १२९. १३४. १३१. आकाराम शेठ म्हणाले, पंचाहत्तरच्या आत पायजे हुतं न्हवं?

आता माझी वेळ होती. भाषण पाठ होतं. मी पिशवीतून टॉवेल काढला, सोडला, आणि प्लेट टेबलावर ठेवली. म्हणालो, हे आमचं स्टँडर्ड. एवढंच सुचलं.

सगळे पुढे झाले. गैबी म्हणाला, या अल्ला.

मी ती प्लेट रोज बघत होतो. आज पहिल्यांदाच चार माणसांत बघितली. काळी, तांबडी, खड्डे पडलेली, मधोमध तीन बोटांच्या पांढऱ्या रेघा. विहिरीतून काढल्यासारखी. मॅडमनी गेज लावला. १४६. मग हळू आवाजात विचारलं, सर, ह्याला काय लावत होता?

मी म्हणालो, मेंटेनन्स.

वहिनी म्हणाल्या, रोज ओली विभूती. आणि चिंच-मीठ. घरातली चिंच संपली, तवा मला कळलं.

कुणी हसलं नाही. त्यापेक्षा हसले असते तर बरं. मॅडम म्हणाल्या, मीठ आणि पाणी लागलं की लोखंड खात जातं, सर. दर वेळी थोडं जास्त खोल. तुम्ही टाक्या या प्लेटशी जुळवत होता का? मी मान हलवली. त्या म्हणाल्या, म्हणजे तुमचं स्टँडर्डच रोज वाढत होतं. मग कोपऱ्याकडे बोट केलं. म्हणाल्या, टेपखाली काय आहे?

मी म्हणालो, काही नाही. जॉबचं नाव आहे. ती काढायची नाही.

माझा आवाज मोठा झाला असावा. जोतीराम दोन पावलं मागे सरला. या शॉपमध्ये मी मोठ्यानं बोललेलं कुणी ऐकलेलं नाही. भाषणाला हाच आवाज लावायचा होता.

वहिनी उठून शेजारी आल्या. म्हणाल्या, भावजी, तुमीच काढा. दुसऱ्या कुणी नको.

मी काढली. हळू. एका टोकाकडून, कागद फाटू न देता. अक्षर शाबूत आलं.

खाली बोटभर रुंद पट्टी. फिकी राखाडी, एकसारखी, साखरेसारखी बारीक चमक. जानेवारीतली सकाळ तशीच होती तिथं. मॅडमनी त्या पट्टीवर गेजची सुई टेकवली. ६४.

ही वही पिशवीतच होती, मागची पानं उलटली. दहा फेब्रुवारी, पहिली टाकी, ६३. अक्षर माझंच.

म्हणजे ती टाकी अण्णाचीच झाली होती. गैबीनं पहिल्या दिवशीच अण्णाचं काम करून दिलं होतं, आणि मी ते परत मारायला लावलं.

माझा हात आपोआप त्या पट्टीकडे गेला. मॅडमनी पटकन मनगट धरलं. म्हणाल्या, सर, नको. हाताचा घाम लागला तर हीपण जाईल.

१७ मार्च, बुधवार

आकाराम शेठ ब्लास्टिंग मारलेल्या दोन टाक्या ठेवून बाकीच्या दोन सांगलीला घेऊन गेले. खोल झालेलं उथळ करता येत नाही, आता ग्राइंडर मारून पुन्हा सगळं. त्या दोन टाक्या नीट करून देणं आपल्याकडे. वर्षाचं काम सांगलीला. जाताना शेठ ट्रॉलीजवळ थांबले, म्हणाले, शिवशरण, तुजा भाऊ माझ्याशी भांडायचा, पर टाकी चोख द्यायचा. तू भांडत पन न्हाईस. मी ‘बरं’ म्हणालो. मग म्हणालो, चूक माझी होती, गैबीची नाही. शेठ म्हणाले, हे पयल्यांदाच बोललास बघ काहीतरी.

वहिनींनी इचलकरंजीला फोन केला. माझ्यासमोरच केला. ठेवल्यावर म्हणाल्या, बोलले होते तसं केलं, राग मानू नका. मी म्हणालो, राग नाही. मग त्या एकदम हसल्या. जानेवारीपासून पहिल्यांदाच. हसता हसता डोळ्यांना पदर लावला, म्हणाल्या, ह्यांनी बघितलं असतं तर म्हणाले असते, शिवशरण्या, मी मेलो तरी माझ्या पत्र्याला लोणचं घालतोयस व्हय रे?

हुबेहूब त्याचाच आवाज काढला त्यांनी.

पुढचं मला नीट ऐकू आलं नाही. बाहेर जाऊन मांजराला दूध घातलं. बराच वेळ लागला, मांजर सावकाश पितं.

२१ मार्च, रविवार, पाडवा

सकाळी बोर्ड उतरवला. गैबी शिडीवर, मी खाली. गैबी म्हणाला, धरा मालक, जड हाय. तसा जड नव्हता.

दुपारी उजैर आला, पेढे घेऊन. गैबीला आणि जोतीरामला तो कामावर ठेवणार आहे. मला म्हणाला, तुमीबी या की. पावडरचा थर मोजायला माणूस लागतोय. गेज हाय न्हवं तुमच्याकडं? गेजसकट या. टेबल कुठं टाकायचं ते तुमीच सांगा.

हा पराभव नव्हे. हे एक प्रकारचं विलीनीकरण आहे. उद्यापासून हजर. मी ‘बरं’ म्हणालो, पण या वेळी विचार करून.

तिथं गेल्यावर जास्त बोलायचं. रोज किमान एका माणसाशी, कामाव्यतिरिक्त. उद्यापासून एकच चहा सांगायचा.

अण्णाचं हेल्मेट गैबीला दिलं. त्यानं विचारलं, सेफ्टीचा प्रश्न न्हाय का आता? मी म्हणालो, मिटला.

प्लेट मंगळवारपासून पुन्हा देवघरातच होती, ती काढली. वहिनींनी विचारलं नाही, मी सांगितलं नाही. कोरड्या फडक्यात गुंडाळून कपाटात वरच्या खणात ठेवली. मॅडमनी सांगितल्याप्रमाणे कोपऱ्याच्या पट्टीवर तीच टेप परत लावली आहे, म्हणजे ओल लागणार नाही. आत ६४ आहे. तेवढं बास. पाणी नाही, विभूती नाही, चिंच नाही. आता या प्लेटला हात लावायचा नाही. हा शेवटचा संकल्प, आणि हा मी पाळणार.

रात्री ९.४०

टेप नीट बसली आहे का, तेवढं बघून आलो. एकदा निघालेली टेप पुन्हा तशी धरत नाही. एक कोपरा उचलला होता. अंगठ्यानं दाबून बसवला. जरा वेळ दाबून ठेवावं लागलं.

टेपवरून दाबणं म्हणजे हात लावणं नव्हे.